रात्री तीनला दार कोणी उघडलं?

फेब्रुवारी-मार्च म्हणजे नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात उसंत नसलेले महिने. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतच्या बागांत ऊन चढायच्या आत घड खुडायचे, पॅकहाउसमध्ये त्यांतले खराब मणी कात्रीने काढायचे, वजन करून पेट्या भरायच्या आणि त्या प्रिकूलिंगच्या खोलीत लावायच्या. तिथले मोठे पंखे गार हवा पेट्यांच्या भोकांतून ओढून घेतात. बागेतून आलेली ऊब फळातून जितक्या लवकर निघेल तितका देठ हिरवा राहतो. सहा-आठ तासांत गराचं तापमान चार अंशांच्या खाली आणलं की माल कोल्ड स्टोरेजमध्ये जातो आणि शून्य अंशाच्या अगदी जवळ राहतो. तिथून शीत कंटेनर भरून न्हावा शेव्याच्या बंदराकडे निघतो. पुढे युरोपपर्यंतचा समुद्रप्रवास काही आठवड्यांचा असतो. पलीकडे पेटी उघडल्यावर देठ वाळलेला निघाला तर पहिली मागणी येते ती तापमानाच्या नोंदीची. कोणत्या रात्री, कोणत्या खोलीत, किती अंश होतं ते दाखवा.

समजा, पिंपळगावजवळच्या एका कोल्ड स्टोरेजचे मालक अशीच नोंद काढायला बसलेत. संगणकावर त्यांनी तारीख निवडली, वेळ दिली रात्री १० ते पहाटे ६, आणि आलेख उघडला. रात्रभर अर्ध्या अंशावर सरळ चाललेली रेघ बरोबर तीन वाजता उसळून चार अंशांपर्यंत गेलेली दिसते आणि अर्ध्या तासाने खाली येते. रात्री तीनला दार कोणी उघडलं? वॉचमन शपथेवर सांगतो, साहेब, कुणीच नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. दार उघडलं होतं सकाळी साडेआठला, कंटेनर भरायला, आणि तेव्हा मालक स्वतः तिथे उभे होते. साडेआठची गोष्ट तीनच्या जागी कशी गेली, हे शोधून काढण्याची विद्या हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी ही नोंद ठेवतं कोण ते पाहू. खोलीतला सेन्सर एका कंट्रोलरला जोडलेला असतो. कंट्रोलर कॉम्प्रेसर चालू-बंद करतो आणि मोजलेले आकडे वरच्या संगणकाला देतो. अडचण अशी की प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी असते. नाशिकचे कारखानेच पाहा : ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आली, सातपुरात पूर्वीची मायको म्हणजे आजची बॉश आली, सातपूर-अंबडमध्ये विजेची स्विचगिअर आणि वाहनांचे सुटे भाग बनवणारे लहान-मोठे शेकडो कारखाने उभे राहिले. त्या प्रत्येकात चाळीस वर्षांपूर्वीचं यंत्र आणि गेल्या वर्षी आलेलं यंत्र शेजारी शेजारी चालताना दिसतं. जुन्याला १९७९ साली निघालेला मॉडबस समजतो, नव्याला आणखी काही. या सगळ्यांना एका भाषेत बोलतं करण्यासाठी १९९६ साली ओपीसी हे प्रमाणक आलं. ते विंडोजवर अवलंबून होतं. ते बंधन तोडून कोणत्याही संगणकावर चालणारी ओपीसी यूए ही पिढी २००८ पासून वापरात आली. आंतरराष्ट्रीय प्रमाणक म्हणून तिचा क्रमांक आयईसी ६२५४१.

या प्रमाणकावर बेतलेली मुक्तस्रोत सॉफ्टवेअरं आज भरपूर आहेत. जर्मनीतल्या संशोधन संस्थांमधून वाढलेलं, सी भाषेतलं ओपन६२५४१ तर प्रमाणकाचा आकडाच नावात घेऊन फिरतं. जावामध्ये एक्लिप्स मायलो आहे, पायथनमध्ये एसिंकयूए आहे, जावास्क्रिप्टमध्ये नोड-ओपीसीयूए आहे. मोठ्या कारखान्यात जुन्या नोंदी साठवणारं ‘हिस्टोरियन’ नावाचं तयार सॉफ्टवेअर महागडा परवाना घेऊन बसवतात. पंचवीस माणसांच्या पॅकहाउसला ते परवडत नाही. तिथे एखादा तरुण इंजिनिअर यांतलीच लायब्ररी घेऊन, चार दिवस खपून, चालणारी व्यवस्था उभी करतो. मला या कामाचं मोल फार वाटतं. आणि म्हणूनच, अशी व्यवस्था चुकीचा आलेख दाखवू लागली की ‘फुकटचं सॉफ्टवेअर आहे, असंच चालायचं’ म्हणून ती बंद करून टाकणं मला पटत नाही. बहुतेक वेळा सर्व्हरने, म्हणजे नोंदी साठवून मागितल्यावर देणाऱ्या भागाने, उत्तर बरोबर दिलेलं असतं. आपल्या मनात होता तो प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो.

प्रश्न समजण्याआधी नोंद समजली पाहिजे. नाशिककरांची पूर मोजायची जुनी फूटपट्टी म्हणजे गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गावभर सांगितलं जातं, मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं. ऐकणारा लगेच दोन गोष्टी विचारतो : केव्हा पाहिलंस, आणि स्वतः पाहिलंस की कुणी सांगितलं? ओपीसी यूएमधली प्रत्येक नोंद अशाच तीन गोष्टींची बनलेली असते. एक मूल्य, एक टाइमस्टॅम्प म्हणजे वेळेचा शिक्का, आणि एक दर्जा. दर्जा म्हणजे हा आकडा भरवशाचा आहे, संशयित आहे की वाईट, ते सांगणारा संकेत. यांतलं काहीही गाळलं की उरलेलं दिशाभूल करू लागतं.

आता हिस्ट्रीची क्वेरी, म्हणजे साठवलेल्या जुन्या नोंदी मागणारा प्रश्न. तिच्यात मुख्यतः चार गोष्टी जातात : सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, जास्तीत जास्त किती नोंदी हव्यात तो आकडा, आणि टोकांच्या पलीकडची शेजारची नोंद हवी की नको. पहिल्या तिन्हींपैकी किमान दोन द्याव्याच लागतात. शेवटची वेळ सुरुवातीच्या आधीची दिली तर सर्व्हर तक्रार करत नाही, नोंदी उलट क्रमाने, ताज्या आधी, अशा देतो. नोंदींचा आकडा शून्य दिला तर ‘एकही नको’ असा अर्थ होत नाही, ‘मर्यादा नाही, सगळ्या द्या’ असा होतो. एवढ्या दोन नियमांवरूनच पुष्कळ गोंधळ झालेले असतात. पण सगळ्यांत जास्त गोंधळ घड्याळाचा.

ओपीसी यूए वेळ साठवते एका मोठ्या पूर्णांकात. १ जानेवारी १६०१ च्या मध्यरात्रीपासून, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या २९ वर्षं आधीपासून, किती टिचक्या झाल्या तो हा आकडा. एक टिचकी शंभर नॅनोसेकंदांची, म्हणजे सेकंदाला एक कोटी टिचक्या. १६०१ हे साल निवडण्याचं कारण साधं आहे : ग्रेगोरियन पंचांगाचं लीप वर्षांचं चक्र ४०० वर्षांचं, आणि त्या सालापासून नवं चक्र सुरू होतं, त्यामुळे हिशेब सोपा जातो. विंडोजही हीच मोजणी वापरतं. युनिक्सची मोजणी मात्र १ जानेवारी १९७० पासूनची, आणि सेकंदांत. दोन आरंभांमध्ये ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचं अंतर आहे. एखाद्याने युनिक्सचे सेकंद न बदलता थेट ओपीसी यूएच्या रकान्यात टाकले, तर सुमारे पावणेदोनशे कोटींचा तो आकडा टिचक्या म्हणून वाचला जातो आणि आलेखावर तारीख येते १ जानेवारी १६०१, मध्यरात्रीनंतर जेमतेम तीन मिनिटांची. अशी तारीख दिसली की दुसरीकडे शोधायची गरज नाही.

ही मोजणी नेहमी यूटीसीमध्ये असते, म्हणजे ग्रिनिचच्या हिशेबाने. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आता कोल्ड स्टोरेजचं कोडं उलगडतं. मालकांनी ‘२२:००’ लिहिलं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्याला कालविभाग जोडलाच नाही. कालविभाग न सांगितलेली वेळ यूटीसी धरायची, अशी अनेक लायब्रऱ्यांची रीत आहे. सर्व्हरला प्रश्न गेला, यूटीसीचे रात्री १० ते पहाटे ६ द्या. ते म्हणजे आपले पहाटे साडेतीन ते सकाळी साडेअकरा. सर्व्हरने तेवढ्याच नोंदी इमानेइतबारे दिल्या. परत आलेल्या टाइमस्टॅम्पमध्ये साडेपाच तास मिळवायचं काम आलेख काढणाऱ्या भागाने केलं असतं, तर अक्षावर साडेतीन ते साडेअकरा दिसलं असतं आणि चूक तिथेच पकडली गेली असती. त्यानेही ते केलं नाही. दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. अक्षावर मागितल्यासारखेच १० ते ६ उमटले आणि साडेआठचं दार तीनला उघडलं.

हे पकडायचं कसं? ज्या घटनेची खरी वेळ दुसऱ्या कुठेतरी, या संगणकाशी संबंध नसलेल्या जागी लिहिलेली आहे, अशी एक घटना शोधायची. गेटवरच्या रजिस्टरात कंटेनर आत आल्याची वेळ असते. लाइट गेल्यावर जनरेटर कधी सुरू केला ते लॉगबुकात असतं. ती वेळ आणि आलेखावरची वेळ यांची वजाबाकी करायची. फरक किती आला यावरूनच बहुधा रोग कळतो, म्हणून ही वजाबाकी मी सगळ्यांत आधी करायला सांगेन, कोडची एक ओळही उघडण्यापूर्वी.

फरक साडेपाच तासांचा आला तर कालविभाग विसरला. अकरा तासांचा आला तर विसरला नाही, पण वजा करायच्या जागी मिळवला. साडेचार तासांचा आला तर कंट्रोलर युरोपातून आलाय आणि त्याचं घड्याळ अजून तिकडच्याच वेळेवर आहे. मध्य युरोप हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास पुढे होतात आणि फरक साडेतीन तासांवर येतो. तो रविवार नेमका आपल्या द्राक्षाच्या हंगामात पडतो. त्यामुळे एकाच हंगामाच्या नोंदींत मार्चअखेरपर्यंत एक फरक आणि त्यानंतर दुसरा, असं चमत्कारिक चित्र दिसतं.

आणि फरक २३ मिनिटांचा आला तर? ही खास आपल्या देशातल्यांच्या वाट्याला येणारी चूक आहे. जगातल्या बहुतेक संगणकांवर कालविभागांची एक सामाईक मुक्त यादी असते. तिच्यात भारताच्या विभागाचं नाव कोलकात्यावरून पडलेलं आहे, आणि यादी फक्त आजची वेळ सांगत नाही, इतिहासही सांगते. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला सुरू झाली. त्याआधी गावोगावची वेळ तिथल्या सूर्यावर चाले. मुंबईने तर आपली वेगळी वेळ त्यानंतरही कित्येक दशकं सोडली नव्हती. कोलकात्याची सौर वेळ ग्रिनिचच्या ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद पुढे, आणि यादीत भारताची सर्वांत जुनी नोंद तीच आहे. पायथनमध्ये वर्षानुवर्षं वापरात असलेली पायटीझेड ही लायब्ररी, विभाग थेट तारखेला चिकटवला तर, नेमकी ही सर्वांत जुनी नोंद उचलते. मग रात्रीचे १० हे यूटीसीमध्ये १६:३० व्हायच्या ऐवजी १६:०७ होतात आणि क्वेरी २३ मिनिटं आधीपासून सुरू होते. नाशिकचा रेखांश पाहिला तर इथली सौर वेळ ग्रिनिचच्या पाच तासही पुढे नाही, सुमारे ४ तास ५५ मिनिटं. तरीही दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचा कोलकात्याचा सूर्य पिंपळगावच्या शीतगृहात येऊन बसतो. उपाय लायब्ररीच्या माहितीपत्रात लिहिलेला आहे : विभाग चिकटवायचा नाही, त्यासाठी दिलेलं ‘लोकलाइझ’ फंक्शन वापरायचं. किंवा पायथन ३.९ पासून भाषेतच आलेलं झोनइन्फो वापरायचं, म्हणजे हा प्रश्न उरत नाही.

फरक एकसारखा नसेल, दर महिन्याला थोडा थोडा वाढत असेल, तर घड्याळच सरकतंय. साध्या क्वार्ट्झ स्फटिकात दहा लाखांत वीस भागांची चूक असली तर दिवसाला पावणेदोन सेकंद जातात, वर्षाला दहा मिनिटं. कंट्रोलर इंटरनेटवरच्या वेळेशी किंवा कारखान्यातल्या एका मुख्य घड्याळाशी जुळवत राहणं हाच त्यावरचा उपाय. एकेका नोंदीला दोन टाइमस्टॅम्प असू शकतात हेही इथे ध्यानात ठेवावं : एक आकडा जिथे जन्मला तिथला, दुसरा सर्व्हरच्या हाती आला तेव्हाचा. मॉडबसवरच्या जुन्या कंट्रोलरला वेळ पाठवताच येत नाही. तिथे टाइमस्टॅम्प मधल्या गेटवेवर, म्हणजे दोन भाषांमधल्या दुभाष्या यंत्रावरच पडतो, आणि गेटवे दहा मिनिटं अडकून पडला तर त्या दहा मिनिटांचं तापमान एका क्षणात घडल्यासारखं नोंदलं जातं.

घड्याळ निर्दोष निघालं तरी दुसरी एक तक्रार नेहमी येते. रात्री दोन ते तीनची नोंद मागितली, उत्तर आलं ‘डेटा नाही’. सेन्सर बंद होता का? बहुधा नाही. जागा वाचवण्यासाठी बरेच सर्व्हर आकडा ठरावीक प्रमाणात बदलला तरच नोंदवतात. खोली रात्रभर अर्ध्या अंशावर स्थिर असेल तर १ वाजून १० मिनिटांनी एक नोंद होईल आणि पुढची थेट सकाळी ८:३१ ला, दार उघडल्यावर. दोन ते तीनमध्ये नोंदच नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं नाही. इथे ती चौथी गोष्ट कामाला येते, शेजारच्या नोंदी मागण्याची. ती चालू केली की सर्व्हर १:१० ची आणि ८:३१ ची अशा दोन्ही नोंदी देतो.

पण इथेच पुढचा खड्डा आहे. या दोन नोंदींच्या मध्ये काय होतं, ते आलेखाने कसं काढायचं? दोन बिंदू तिरक्या रेघेने जोडले तर खोली पहाटेपासून हळूहळू गरम होत गेली असं दिसेल, आणि पाहणारा म्हणेल, कॉम्प्रेसर सात तास मरत होता. पायरीसारखी रेघ काढली, म्हणजे पुढची नोंद येईपर्यंत आधीचंच मूल्य धरलं, तर खरं चित्र दिसेल : रात्रभर सपाट, साडेआठला उडी. कोणती रेघ काढायची हे प्रत्येक टॅगच्या, म्हणजे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक मोजमापाच्या, हिस्ट्रीच्या मांडणीत ‘स्टेप्ड’ या एका गुणधर्माने सांगता येतं. बदल झाला तरच नोंदवणाऱ्या व्यवस्थेत तो चालूच हवा, असं माझं ठाम मत आहे.

टोकांचा नियमही समजून घ्यावा. सुरुवातीच्या वेळेवर पडलेली नोंद उत्तरात येते, शेवटच्या वेळेवर पडलेली येत नाही. त्यामुळे दिवसामागून दिवस मागत गेलं तरी मध्यरात्री पडलेली नोंद दोनदा मोजली जात नाही. पण सर्व्हरच्या मागे एखादा साधा एसक्यूएल डेटाबेस असेल आणि लिहिणाऱ्याने ‘बिटवीन’ वापरलं असेल, तर ते दोन्ही टोकं धरतं आणि मध्यरात्रीची नोंद दोन दिवसांत उमटते. विजेच्या युनिटची बेरीज महिनाअखेर थोडी जास्त भरते ती अशा ठिकाणी. त्याच डेटाबेसात नोंदी वेळेच्या क्रमाने न लावता आत आल्या त्या क्रमाने लावल्या असतील, तर नेटवर्क तुटून उशिरा पोचलेल्या नोंदी शेवटी येऊन बसतात आणि आलेखाची रेघ मागे वळून धावते.

आलेख मध्येच संपतो, ही तक्रार सोडवायला सगळ्यांत सोपी. सेकंदाला एक नोंद धरली तर दिवसाच्या ८६,४०० होतात. इतक्या एका दमात द्यायला सर्व्हर बांधील नाही. तो, समजा, दहा हजार देतो आणि सोबत एक खूण देतो, तिला कंटिन्युएशन पॉइंट म्हणतात. ती खूण परत पाठवली की पुढच्या दहा हजार मिळतात. क्लायंट, म्हणजे नोंदी मागणारा प्रोग्राम, लिहिणाऱ्याने तिच्याकडे पाहिलंच नाही तर रात्री १० ला सुरू झालेला आलेख १२ वाजून ४६ मिनिटं ४० सेकंदांनी संपतो. आलेल्या नोंदी मोजाव्यात. आकडा बरोबर हजार किंवा दहा हजार असा गोल निघाला तर कारण हेच. आणि आलेख नेहमी शेवटच्या रीस्टार्टपासूनच सुरू होत असेल तर हिस्ट्री डिस्कवर साठवलीच जात नाहीये. ओपन६२५४१ सोबत येणारा मेमरीतला साठा आणि पायथन लायब्ररीतला सुरुवातीचा साधा साठा, दोन्ही लाइट गेली की रिकामे होतात. शिकण्यासाठी ते ठीक आहेत. ज्यावर कंटेनरचा निकाल लागणार त्या नोंदींसाठी नाहीत.

सरासरीचा घोटाळा अधिक गंभीर, कारण तो दिसत नाही. आपलंच उदाहरण घेऊ. आठ तासांपैकी साडेसात तास खोली अर्ध्या अंशावर होती, त्याची नोंद एकच. उरलेल्या अर्ध्या तासात दार उघडं होतं, त्यात सात नोंदी झाल्या : १, २, ३, ४, ३, २, १. या आठ नोंदींची साधी सरासरी येते जवळपास २.१ अंश. प्रत्येक मूल्य किती वेळ टिकलं याचा भार देऊन काढलेली सरासरी येते सुमारे ०.६ अंश. ओपीसी यूएमध्ये या दोन्ही वेगवेगळ्या नावांनी उपलब्ध आहेत. पहिलीला नुसतं ‘ॲव्हरेज’ म्हणतात, दुसरीला ‘टाइम ॲव्हरेज’. यादीत पहिली आधी दिसते म्हणून ती निवडली जाते. चांगला ठेवलेला माल कागदावर दोन अंशांची सरासरी दाखवून नापास होतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये कुठेही दोष नसतो.

आता दर्जाकडे येऊ. माझ्या मते कोल्ड स्टोरेजच्या बाबतीत सगळ्यांत धोक्याची जागा हीच आहे. सेन्सरची वायर तुटली की कंट्रोलरने ‘वाईट’ असा दर्जा लावून नोंद पाठवायची असते. त्या नोंदीत मूल्याला काही अर्थ नसतो, पुष्कळदा तिथे नुसतं शून्य असतं. क्लायंटने दर्जा फेकून देऊन फक्त मूल्य घेतलं तर आलेखावर शून्य उमटतं. भट्टीच्या आलेखावर असं शून्य आलं तर कुणीही ओळखेल, कारण भट्टी शून्यावर असत नाही. द्राक्षाच्या शीतगृहात मात्र शून्य हेच हवं असलेलं तापमान आहे. तुटलेली वायर तिथे आदर्श रात्र दाखवते. आतली खोली सहा अंशांवर गेली तरी कागदावर सरळ शून्याची रेघ. म्हणून शीतगृहाच्या आलेखात कधीच न हलणारी, दशांशापर्यंत नेमकी शून्य असलेली रेघ दिसली तर आनंद मानायच्या आधी दर्जाचा रकाना उघडून पाहावा. खरी खोली किंचित हलतेच, कॉम्प्रेसर सुटला-लागला की दोन-तीन दशांश वरखाली होतातच. मूल्य साठवणाऱ्या प्रत्येक तक्त्यात दर्जाचा रकाना असायलाच हवा आणि आलेखात वाईट नोंदींच्या जागी रेघ तुटलेली दिसायला हवी. यात तडजोड करू नये.

यांतलं नेमकं काय घडतंय हे पाहायला साधनं आहेत. वायरशार्क हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर तारेवरून जाणारा संदेश उलगडून दाखवतं, आणि त्याला ओपीसी यूएची भाषा येते. चाचणीपुरता, बाहेरच्या जाळ्यापासून तोडलेल्या सर्व्हरवर, सांकेतिकीकरण बंद ठेवून एक क्वेरी पाठवावी आणि पोर्ट ४८४० वरची वाहतूक पाहावी. त्यात सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, नोंदींचा आकडा सगळं उघडं दिसतं. रात्रीच्या दहाला १६:३० यूटीसी गेलं की २२:०० गेलं की १६:०७ गेलं, एका नजरेत कळतं. इथे चूक दिसली तर ती आपल्या क्लायंटमध्ये आहे. प्रश्न बरोबर गेला आणि उत्तर चुकीचं आलं, तरच सर्व्हरकडे वळायचं.

सर्व्हरची परीक्षा खऱ्या कारखान्याच्या लाखभर नोंदींवर घेऊ नये. हिस्ट्रीचे नियम सांगणाऱ्या प्रमाणकाच्या अकराव्या भागातच पाच नोंदींचं उदाहरण आहे : ५:००, ५:०२, ५:०३, ५:०५ आणि ५:०६. त्यावर ५:०१ ते ५:०४ मागितलं तर ५:०२ आणि ५:०३ यायला हव्यात. शेजारच्या नोंदींसह मागितलं तर ५:०० आणि ५:०५ याही. ५:०० ते ५:०५ मागितलं तर ५:०० येईल, ५:०५ येणार नाही. ओपन६२५४१ च्या चाचण्यांमध्ये याच वेळा घेऊन अशा प्रश्नोत्तरांची लांबच लांब यादी आहे, सरळ, उलट, टोकांसह, टोकांविना. आपण निवडलेल्या लायब्ररीत या पाच नोंदी भरून तेच प्रश्न विचारावेत. कुठे उत्तर वेगळं आलं तर स्रोत उघडा आहे, हिस्ट्री वाचणारं फंक्शन शोधून वाचता येतं.

आणि चूक खरोखर लायब्ररीतच निघाली तर ती ज्यांची आहे त्यांना कळवावी. चांगल्या तक्रारीला अर्ध्या पानापेक्षा जास्त जागा लागत नाही : आवृत्ती कोणती, भरलेल्या पाच नोंदी कोणत्या, पाठवलेली क्वेरी यूटीसीमध्ये काय होती, प्रमाणकानुसार काय यायला हवं होतं आणि काय आलं. पॅकहाउसचा, मालाचा, ग्राहकाचा एकही आकडा त्यात द्यावा लागत नाही. अशी तक्रार जगात कुठेही बसलेला माणूस आपल्या संगणकावर दहा मिनिटांत पडताळून पाहू शकतो, आणि दुरुस्ती झाली की ती पुढच्या आवृत्तीत सातपूरच्या कारखान्यालाही मिळते आणि पिंपळगावच्या शीतगृहालाही.